रोज संध्याकाळी ओढून पाहिलेले कुलूप

जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम विदर्भातील एका तालुक्याच्या गावी, एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत, दहा कामकाजाचे दिवस शाखाधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसण्याचा हुकूम मला क्षेत्रीय कार्यालयातून मिळाला. तेथील शाखाधिकारी बाईंना त्याच सकाळी फोनवरून रजेवर जायला सांगण्यात आले होते. त्यात शिक्षेचा किंवा संशयाचा भाग नव्हता. संवेदनशील जागेवर काम करणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांच्या सक्तीच्या रजेवर पाठवावे आणि त्या काळात कामाशी त्याचा प्रत्यक्ष किंवा संगणकावरूनही संबंध राहू देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. जुलै २०२१ मध्ये तो नव्याने जारी झाला. माणसाला विश्रांती मिळावी म्हणून हा नियम केलेला नाही. खुर्चीवरचा माणूस अचानक उठवला की त्याने झाकून ठेवलेले काही असल्यास ते आपोआप वर येते, हा त्यामागचा विचार आहे, आणि बँकिंगमधील अनेक गैरव्यवहार याच रीतीने उघडकीस आलेले आहेत.

या शाखेतही झाकून ठेवलेले वर आले, पण ते पैशाचे नव्हते. तेच प्रकरण येथे सविस्तर मांडत आहे. बँकेचे आणि गावाचे नाव मी देत नाही, आणि बाईंची ओळख पटू नये म्हणून दोनचार तपशील बदलले आहेत. हे लिखाण त्यांनी वाचले आहे. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सुचवली, ती केली आहे. शाखेत सगळे त्यांना मॅडम म्हणतात, म्हणून मीही येथे तसेच म्हणतो.

शाखा आणि तिचा लौकिक

आमच्या क्षेत्रात ही शाखा नमुन्याची समजली जात असे. सोयाबीन, तूर आणि कपाशीचा पट्टा, आसपासची चौदा गावे, पीककर्जाची मोठी यादी, आणि तरीही थकबाकी आटोक्यात. ऑडिटच्या अहवालात शेरे जवळजवळ नाहीत. जून २०२४ मध्ये प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेच्या नोंदणीसाठी मॅडमना क्षेत्रीय कार्यालयातून प्रशस्तिपत्र मिळाले होते आणि ते त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर लावलेले होते. संध्याकाळच्या व्हीसीमध्ये, म्हणजे सर्व शाखाधिकाऱ्यांना एकत्र बोलावून आकडे विचारले जातात त्या बैठकीत, साहेब अनेकदा म्हणत, ‘यांच्याकडून शिका जरा.’

आकड्यांच्या त्या तक्त्यात मात्र एक रकाना नसतो. शाखेला मंजूर अधिकारी तीन होते. त्यांपैकी एक जागा दीड वर्षापासून रिकामी होती, दुसऱ्या जागेवरचा मुलगा अजून प्रोबेशनवर होता, आणि त्यामुळे कर्जाची पाहणी, छाननी, मंजुरी आणि वसुली हे सगळे एकाच माणसाच्या सहीवर येऊन थांबत होते. पीककर्जाची फाइल दिसायला बारीक असते, सातबारा, आठ-अ, फेरफार, इतर बँकांचे येणे नसल्याचे दाखले, बोजा चढवल्याची नोंद, पण मे आणि जून महिन्यांत अशा फाइली दिवसाला पंचवीस-तीस येतात आणि प्रत्येकीवर मंजुरीची सही करणारा माणूस त्या कर्जाशी कायमचा बांधला जातो. ही गोष्ट बाहेरच्या वाचकाला चटकन लक्षात येणार नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. कर्ज थकले की ‘हे दिले कोणी’ असा प्रश्न येतो, आणि उत्तरात एक नाव असते.

मॅडम मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. क्लार्क म्हणून लागल्या, अंतर्गत परीक्षा देऊन अधिकारी झाल्या आणि नंतर बढती घेऊन विदर्भात आल्या. पती तिकडेच शिक्षक आहेत, मुलगी सातवीत. घरी जायचे तर अकोल्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस, आणि त्या गाडीत जवळजवळ अख्खा दिवस जातो, त्यामुळे दोन-दोन महिने घरी जाणे होत नसे. गावात बँकेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर भाड्याच्या दोन खोल्या होत्या. जून २०२३ मध्ये त्या येथे रुजू झाल्या होत्या.

फोन

रजेच्या काळात त्यांनी नियम मोडला नाही. संगणकात शिरण्याचा प्रयत्न केला नाही, कुठल्या खात्याविषयी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र हेड कॅशियर माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळले. वीस वर्षे एकाच शाखेत काढलेले, कमी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, ‘सर, सांगावं की नाही कळत नाही. मॅडमचा रोज पावणेसहाला फोन येतो. पैशाचं काही विचारत नाहीत. कुलूप ओढून पाहिलं का, एवढंच विचारतात.’

खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्या मनात संशयच आला. मला त्यासाठीच पाठवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिजोरीतील रोकड नोटांच्या बंडलांसकट पुन्हा मोजून घेतली, सोनेतारणाची पाकिटे वजनासह पडताळली, चावी रजिस्टर वर्षभराचे चाळले. एक रुपयाचा फरक निघाला नाही. इतकी नेटकी शाखा मी माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत दोनदा-तीनदाच पाहिली असेन.

त्याच दिवशी दुपारी टेबलाच्या दुसऱ्या खणात, कार्यालयीन नोंदवह्यांच्या खाली, मला एक जाडजूड वही मिळाली. वरती शाखेचे नाव व वर्ष लिहिलेले असल्यामुळे ती कार्यालयीन नोंद समजून मी उघडली. प्रत्येक पानावर तारीख, आणि खाली त्या दिवशी मंजूर केलेल्या कर्जांच्या नोंदी होत्या, पण त्या खात्याच्या नोंदींसारख्या नव्हत्या. ‘स्वतः शेत पाहिले. विहिरीला पाणी आहे. सोयाबीन गुडघ्याएवढे.’ ‘भाऊ वेगळा राहतो, विचारून खात्री केली.’ ‘दुकान पाहिले, माल पाहिला, फोटो काढला, शेजाऱ्याला विचारले.’ प्रत्येक कर्जापुढे ते का दिले याची कैफियत होती. या सगळ्या गोष्टी फाइलमधील पाहणी अहवालात रीतसर होत्याच. तरीही रोज रात्री त्या पुन्हा हाताने लिहिल्या जात होत्या.

पानाच्या तळाशी एक ओळ ठरलेली होती. जुलै २०२३ मध्ये ती अशी होती : ‘हँडल ओढले – २.’ म्हणजे स्ट्राँगरूमचे दार बंद झाल्यावर ते दोनदा ओढून पाहिले. मी पाने पुढे उलटली. मार्च २०२४ मध्ये तो आकडा ४ होता. सप्टेंबरमध्ये ७. डिसेंबरच्या एका पानावर ११ लिहिलेले होते, आणि पुढे कंसात, ‘रात्री परत जाऊन शटर – ३’.

ही नोंद कार्यालयीन नाही हे तोवर मला कळायला हवे होते, पण मी आणखी एक पान वाचले आणि ते वाचायला नको होते. नोव्हेंबरमधील त्या पानावर कर्जाच्या नोंदी नव्हत्या. एकच वाक्य होते : ‘आज त्या आईचा चेहरा मी पाहिलाच नाही.’ मी वही बंद केली.

एक खुलासा आणि त्याचे चौदा महिने

मॅडम २० जानेवारीला, सोमवारी, रुजू झाल्या. संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर मी त्यांना वही परत दिली, चार-पाच पाने वाचल्याचे सांगितले आणि माफी मागितली. त्यांचा पहिला प्रश्न असा होता : ‘सर, हे रिपोर्टमध्ये येणार का?’ येणार नाही, ती तुमची खासगी वही आहे आणि शाखेत सर्व काही चोख निघाले असा अहवाल मी दिला आहे, असे मी सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सगळं बरोबर निघालं यावर माझा विश्वास बसत नाही. काहीतरी बघायचं राहिलं असणार.’

या प्रकरणाचा गाभा मला त्या एका वाक्यात दिसतो. माझ्या तपासणीचा निकाल त्यांच्या बाजूने लागला होता, आणि तो निकाल त्यांनी स्वतःच्या कामाचा पुरावा न मानता माझ्या नजरचुकीचा पुरावा मानला.

नंतरच्या काही आठवड्यांत त्यांनी जे सांगितले त्यातून मूळ सापडले. आधीच्या शाखेत, २०१९ मध्ये, त्यांनी छोट्या दुकानदारांना काही कर्जे मंजूर केली होती. पुढे करोनाची टाळेबंदी आली. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली, पण सवलत संपल्यावर हप्ते भरण्याइतका धंदा त्या दुकानांत उरलेला नव्हता, आणि २०२१ मध्ये त्यांतील अकरा खाती एनपीए, म्हणजे अनुत्पादक थकीत कर्जे, झाली. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते त्या वर्गात जाते, कारण कोणतेही असो. त्यानंतर नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याची जबाबदारी तपासण्याचे काम सुरू झाले आणि मॅडमना खुलासा मागवणारे पत्र आले. त्यातील एक प्रश्न असा होता : कर्जदाराच्या व्यवसायाची प्रत्यक्ष पाहणी न करता कर्ज मंजूर केले काय?

पाहणी केलेली होती आणि अहवाल फाइलमध्ये होते. त्यांनी नऊ पानी खुलासा दिला. पुढचे चौदा महिने कोणी काही बोलले नाही. त्या चौदा महिन्यांत त्यांना कामावरून काढले नाही, अपमान केला नाही, शिक्षा केली नाही; फक्त उत्तर दिले नाही. शेवटी एका ओळीचा निरोप आला की प्रकरण बंद करण्यात आले आहे. चूक नव्हती म्हणून बंद झाले की चूक होती पण सोडून दिले, हे त्या ओळीवरून कळत नव्हते. मी या काळाला मुद्दाम महत्त्व देतो आहे, कारण मॅडमच्या मनात शंका बाहेरून आली ती या दाराने. अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पन्नास कोटी रुपयांपर्यंतच्या थकीत खात्यांसाठी जबाबदारी निश्चितीची एकसारखी चौकट घालून दिली. ती १ एप्रिल २०२२ पासून एनपीए होणाऱ्या खात्यांना लागू झाली, आणि खाते एनपीए झाल्यापासून सहा महिन्यांत ही तपासणी संपवावी असे त्यात म्हटले आहे. सद्भावनेने घेतलेल्या निर्णयाला संरक्षण मिळावे हा तिचा हेतू आहे. मॅडमचे प्रकरण त्या आधीचे होते.

त्यानंतर त्यांनी आपल्या कामाची एक दुसरी, गुप्त फाइल ठेवायला सुरुवात केली. वही ही ती फाइल. उद्या कोणी विचारले तर उत्तर तयार असावे म्हणून.

तोतया

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये, उच्च यश मिळवलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी आलेल्या अनुभवावरून, एक विशिष्ट मनोवस्था वर्णन केली. पदव्या, पदे, पुरस्कार सर्व असूनही या स्त्रियांना आपण बुद्धिमान आहोत असे वाटत नव्हते. आपण लोकांना फसवले आहे आणि ते केव्हातरी उघडे पडेल, अशी भीती त्या बाळगून होत्या. मराठीत यासाठी ‘तोतया’ हा शब्द सहज सुचतो, पण तो वापरताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेला तोतया भाऊ नव्हता आणि आपण भाऊ नाही हे त्याला ठाऊक होते. येथे उलटे आहे. माणूस खरोखर तो आहे, आणि त्यालाच ते पटत नाही.

मॅडमच्या बाबतीत मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग असा की, या भीतीतून बाहेर पडण्यासाठी माणूस जे करतो त्यानेच ती घट्ट होते, हे त्या दोघींनी दाखवले आहे. उघडे पडू नये म्हणून तो जरुरीपेक्षा फार जास्त कष्ट करतो, कष्टांमुळे काम उत्तम होते, कौतुक होते, आणि त्याला वाटते की हे कौतुक आपल्या कुवतीचे नाही, आपण रात्री दहापर्यंत बसलो म्हणून या वेळी निभावले. म्हणजे पुढच्या वेळी साडेदहापर्यंत बसायला हवे. भिंतीवरचे प्रशस्तिपत्र मॅडमना कसे दिसत होते हे मी नंतर विचारले. त्या म्हणाल्या, ‘ते लावायला शिपायांना मी नाही म्हणाले होते. रोज वाटायचं, हे परत मागतील.’

क्षेत्रीय कार्यालयाला मात्र यातले काहीच दिसत नव्हते, आणि दिसले असते तरी ते त्याला दुखणे म्हणाले नसते. दोनदा मोजणारा, उशिरापर्यंत थांबणारा, प्रत्येक शेत स्वतः पाहणारा अधिकारी ही आमच्या खात्यात चांगल्या अधिकाऱ्याची व्याख्या आहे. त्यांचे दुखणे त्यांच्या गुणांच्याच रूपात बाहेर पडत होते, म्हणून ते इतके दिवस लपून राहिले. मीही त्याला अपवाद नव्हतो. क्षेत्रीय कार्यालयात असताना अशाच संध्याकाळच्या बैठकीत ‘आज शून्य’ असलेल्या शाखाधिकाऱ्यांची नावे मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवली आहेत, आणि त्या यादीत मॅडमचे नाव कधी नसे म्हणून त्या बऱ्या आहेत असे मी धरून चाललो होतो.

ऑगस्टची रांग आणि नोव्हेंबरची आई

आत्मशंका आणि कामाने करपून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पहिली दुसरीकडे कशी नेते हे या शाखेच्या २०२४ सालात स्पष्ट दिसते.

त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेमुळे महाराष्ट्रातील बँक शाखांपुढे ज्या रांगा लागल्या, त्या ज्यांनी पाहिल्या त्यांना वर्णन करून सांगायला नको. दीड हजार रुपये खात्यात यायचे तर खाते आधारला जोडलेले हवे. ज्यांची खाती वर्षानुवर्षे बंद पडली होती त्या बायका सकाळी आठपासून शटरसमोर बसलेल्या असत. या शाखेत दोनच काउंटर चालू होते. मॅडमनी स्वतः बाहेर खुर्ची टाकून फॉर्म भरून घेतले, पाण्याचा जार ठेवला, म्हाताऱ्यांना आधी आत घेतले. सहा आठवडे रात्री नऊच्या आधी त्या घरी गेल्या नाहीत. गंमत अशी नाही, पण आश्चर्य असे की त्या काळाबद्दल त्या आजही समाधानाने बोलतात. ‘तेव्हा थकवा जाणवलाच नाही,’ असे त्यांचे शब्द आहेत.

थकवा नंतर आला, गर्दी ओसरल्यावर. ऑक्टोबरमध्ये पहाटे तीनला जाग येऊ लागली. आम्लपित्त सुरू झाले. रविवारी संध्याकाळी छातीत धडधड. आणि हळूहळू एक गोष्ट घडली जी त्यांना स्वतःला सर्वांत उशिरा कळली : समोरचा माणूस दिसेनासा झाला. नोव्हेंबरमध्ये जवळच्या खेड्यातली साठीची एक बाई मुलाच्या मृत्यूनंतर विम्याच्या दाव्यासाठी आली. वर्षाला ४३६ रुपये हप्ता, मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख, अशी ती जीवनज्योती योजना, जिच्या नोंदणीसाठी मॅडमना प्रशस्तिपत्र मिळाले होते. खात्यावर वारस म्हणून आईचे नाव होते, पण ते आधार कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हते. मॅडमनी मान वर न करता सांगितले, ‘नावात फरक आहे, कागद करून आणा.’ बाई उभीच राहिली. त्यावर त्या म्हणाल्या, ‘मावशी, तुमच्यामागे लोक उभे आहेत.’

रात्री वही लिहायला बसल्यावर त्यांना दाव्याचा क्रमांक आठवला, नावातला फरक आठवला आणि बाईचा चेहरा काही केल्या आठवेना. वहीतले ते वाक्य त्या रात्रीचे आहे.

न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या स्वयंसेवकांना, आणि स्वतःलाही, जे होत होते त्याला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ म्हटले. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी त्याची तीन अंगे वेगळी करून दाखवली : भावनिक शक्ती संपून जाणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांविषयी कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असे वाटणे. आपल्याकडे लोक बहुधा पहिल्यालाच थकवा म्हणतात आणि दोन दिवस गावी जाऊन ये असा सल्ला देतात. मॅडमना घाबरवले ते दुसऱ्या अंगाने. तिसरे अंग तर त्यांच्यात आधीपासून ठाण मांडून होते, आणि म्हणूनच कोरडेपणा आल्यावर त्यांनी तो आजाराचे लक्षण न मानता आपले खरे रूप मानले. ‘मला वाटलं, मी मुळात अशीच आहे, इतकी वर्षं चांगुलपणाचं नाटक करत होते,’ असे त्या म्हणाल्या. तोतयाची भीती त्यांच्या सहीपर्यंत होती. नोव्हेंबरमध्ये ती त्यांच्या माणूसपणापर्यंत पोहोचली.

दवाखाना

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आहे, बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न सावरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था अशी त्याची नोंद आहे. या भेदाचा व्यवहारात मोठा उपयोग होतो, कारण त्याच लक्षणांच्या मागे नैराश्य असू शकते, थायरॉइड असू शकते, आणि ते तपासल्याशिवाय ‘कामाचा ताण आहे’ म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरते.

पण तपासायला जायचे कुठे? तालुक्याच्या गावात बँकेच्या मॅनेजरबाई मनोविकारतज्ज्ञाच्या दारात बसलेल्या दिसल्या तर दुसऱ्या दिवशी ते काउंटरवर पोहोचते. याआधी एकदा त्यांनी चार दिवसांची रजा घेतली होती आणि अर्जात ‘मणक्याचे दुखणे’ असे लिहिले होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, पण तो डॉक्टरांच्या कपाटापुरता उपयोगी पडतो. वैद्यकीय दाखला ज्या टेबलावरून पुढे सरकतो त्या टेबलाच्या नजरेला कायदा पुरत नाही.

फेब्रुवारीत त्यांनी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली मानसिक आरोग्याच्या सल्ल्याची ही सरकारी सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतही मिळते. दोनदा त्यांनी बोलण्याआधीच फोन ठेवला, तिसऱ्यांदा बोलल्या. तिथून मिळालेल्या सल्ल्यावरून त्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेल्या. डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी सांगितली, ती व्यवस्थित निघाली. मग विचारले, घरचे कुलूप किती वेळा ओढता? गॅस किती वेळा तपासता? मॅडम म्हणाल्या, एकदाच. डॉक्टरांना ते महत्त्वाचे वाटले. ज्या दारामागे नोकरीतली जबाबदारी होती तेवढ्याच दाराशी हात अडखळत होता. झोपेसाठी थोड्या दिवसांचे औषध आणि दर पंधरवड्याला समुपदेशकाची बैठक असे उपचार ठरले. अकराचा आकडा एकदम दोनवर आणायचा नाही, दर आठवड्याला एकाने उतरवायचा, आणि उतरवल्यावर जी अस्वस्थता येते ती शाखेच्या पायरीवर पाच मिनिटे बसून जाऊ द्यायची, हा त्यातला एक गृहपाठ होता.

जे हलले

क्षेत्रीय व्यवस्थापकांशी मी मॅडमच्या परवानगीने, वहीचा उल्लेख न करता, बोललो. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचे पहिले उद्गार होते, ‘त्यांना काय झालंय? त्या तर आपल्या सर्वांत चांगल्या मॅनेजर.’ मी म्हटले, साहेब, म्हणूनच आपल्याला दिसले नाही. त्यानंतर शेजारच्या शाखेतील कृषी अधिकारी आठवड्यातून दोन दिवस येथे देण्यात आले. प्रोबेशनवरच्या अधिकाऱ्याने पाहणी करून आपल्या सहीने अहवाल द्यायचा आणि मॅडमनी फक्त मंजुरी द्यायची असे ठरले. सुरुवातीला त्या मुलाने पाहिलेले शेत त्या पुन्हा पाहायला जात, एप्रिलपासून ते थांबले. संध्याकाळच्या बैठकीत शून्याची नावे वाचून दाखवण्याची पद्धत आमच्या क्षेत्रात बंद झाली.

माझ्या मते सर्वांत जास्त गुण आला तो एका कागदाने. जुन्या खुलाशाच्या फाइलवर चौकशी अधिकाऱ्याचे टिपण होते आणि त्यात स्पष्ट लिहिले होते की, पाहणी व छाननी नियमानुसार झालेली असून कर्मचाऱ्याकडून कोणतीही हयगय आढळत नाही. हे वाक्य जवळजवळ तीन वर्षे एका कपाटात पडून होते आणि ज्या बाईसाठी ते लिहिले होते तिला ते कोणी कळवलेच नव्हते. रीतसर अर्ज करून, पाठपुरावा करून, त्या निष्कर्षाचे पत्र त्यांच्या नावाने निघाले. मार्चअखेरच्या धावपळीत ते शाखेत पोहोचले. त्यांनी ते उभ्यानेच वाचले, खाली बसल्या, पुन्हा वाचले, आणि घडी घालून वहीत ठेवले. एका पत्राने तीन वर्षांची भीती जाते असे मी म्हणत नाही. त्यानंतरही कितीतरी रात्री त्यांनी वही लिहिली. पण कुलपाचा आकडा त्या आठवड्यात पाचावरून तीनवर आला, समुपदेशकाने सांगितल्यापेक्षा एक पाऊल पुढे.

कुलपासाठी एक साधी रीत हेड कॅशियरनी काढली, ती येथे नोंदवतो. स्ट्राँगरूमच्या चाव्या दोघांकडे असतात, त्यामुळे बंद करताना दोघे तिथे असतातच. आता ते दार लावून मोठ्याने म्हणतात, ‘मॅडम, बंद.’ मॅडम एकदा हँडल ओढतात आणि म्हणतात, ‘बंद.’ मग दोघे चावी रजिस्टरवर सही करतात. त्या मला म्हणाल्या, आधी मी एकटीच बघत होते, म्हणून कितीदा बघितलं तरी पुरत नव्हतं.

विम्याच्या दाव्यासाठी त्यांनी त्या खेड्यात स्वतः निरोप पाठवला, नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र करून घेतले आणि पैसे एप्रिलमध्ये जमा झाले. पासबुक भरून घ्यायला ती आई आली तेव्हा मॅडमनी टेबलासमोर खुर्ची ओढून दिली, मुलाचे नाव विचारले, तो काय करत असे ते विचारले. बाई वीस मिनिटे बोलत होती आणि मागे लोक उभे होते.

मे आणि जूनचा पीककर्जाचा हंगाम त्यांनी पार पाडला. कर्जाच्या नोंदी वहीत अजून असतात, पूर्वीपेक्षा आखूड. तळाची कुलपाची ओळ १२ जूनपासून दिसत नाही. बदलीचा अर्ज त्यांनी केला आहे, सांगलीच्या बाजूला मिळावी म्हणून. शाखेतील तिसऱ्या अधिकाऱ्याची मंजूर जागा हे लिहीपर्यंत रिकामीच आहे.